पिटाखाली दोषी ठरलेल्या बाईला व्यसनमुक्ती उपचाराला पाठवायचं तर नेमकी वाट कोणती?

कोर्टपायरी (धागाकर्ता)

पिटाच्या (अनैतिक व्यापार प्रतिबंध कायद्याच्या) कलम ७ किंवा ८ खाली उभी असलेली बाई रोज दारू, गर्द किंवा झोपेच्या गोळ्या घेते, हे पोलिसांना, वकिलाला आणि बऱ्याचदा न्यायदंडाधिकाऱ्यांनाही दिसत असतं. तिला उपचारापर्यंत पोचवायचं कसं, असं विचारलं की प्रत्येक जण वेगळं उत्तर देतो. ती उत्तरं एका जागी यावीत म्हणून हा धागा.

आधी कायदा. देहविक्री हा मुळात गुन्हाच नाही. कलम ७ लागतं ते देऊळ, मशीद, शाळा, वसतिगृह, रुग्णालय अशा ठिकाणांपासून २०० मीटरच्या आत किंवा अधिसूचित भागात धंदा केला तर. त्याला ३ महिन्यांपर्यंत कैद. कलम ८ म्हणजे सार्वजनिक जागी गिऱ्हाईकाला खुणावणं, बोलावणं. पहिल्यांदा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा दोषी ठरली तर कैद १ वर्षापर्यंत जाते.

आता गोंधळाची जागा. व्यसनावर उपचारासाठी सोडा असं सांगणारं कलम एनडीपीएस (अमली पदार्थांच्या) कायद्यात आहे, ३९ वं. पण ते नशा केल्याच्या (कलम २७) किंवा अल्प प्रमाणात माल सापडल्याच्या गुन्ह्यापुरतं. केस नुसती पिटाची असेल तर ते लागत नाही. तरी तसे अर्ज केले जातात, फेटाळले जातात आणि तारीख वाया जाते.

मग तीन वाटा उरतात. परिवीक्षा (प्रोबेशन, म्हणजे शिक्षेऐवजी चांगल्या वागणुकीच्या अटीवर सोडणं) कायदा १९५८, कलम ४ खाली बंधपत्रावर सुटका. पिटाच्या कलम १९ खाली तिने स्वतः न्यायदंडाधिकाऱ्यांकडे संरक्षणासाठी केलेला अर्ज. आणि कोर्टाच्या हुकुमाशिवाय, तिच्या मर्जीने, सरळ रुग्णालय. कुठली वाट केव्हा घ्यावी आणि त्यात काय बिघडतं, हे जाणकारांनी लिहावं.

विधीसखी

पहिलं बिघडतं ते घाईमुळे. कलम ८ मध्ये बहुतेक बायका पहिल्याच तारखेला गुन्हा कबूल करतात, दंड भरतात आणि दुपारपर्यंत बाहेर पडतात. दंड बहुधा घरवाली (कुंटणखाना चालवणारी) किंवा दलाल भरतो आणि तो तिच्या कर्जात चढतो. कबुली आणि सुटका यांत कधी अर्धा तासही नसतो. परिवीक्षा अधिकाऱ्यांचा अहवाल मागवण्याची वेळच येत नाही.

कबुली देऊ नये असं माझं म्हणणं नाही, तो निर्णय तिचा आहे. पण दोन गोष्टी तिला आधी माहीत हव्यात. आजची कबुली ही 'पहिली दोषसिद्धी' म्हणून नोंदली जाते आणि पुढच्या वेळी शिक्षेची कमाल मर्यादा दुप्पट होते. दुसरं म्हणजे परिवीक्षा कायद्याच्या कलम ३ किंवा ४ खाली सुटली, तर कलम १२ मुळे दोषसिद्धीने येणारी अपात्रता तिला चिकटत नाही. दंड भरून सुटलं तर हे संरक्षण नाही.

म्हणून कबुलीच्या वेळीच वकिलाने तोंडी सांगावं: "परिवीक्षेचा विचार व्हावा, अहवालासाठी तारीख द्यावी, तोवर वैयक्तिक जातमुचलक्यावर सोडावं." वकील नसेल तर विधी सेवा प्राधिकरण. १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे कोणत्याही स्त्रीला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. क्रमांक १५१००.

आणि जिने दंड भरून जायचंच ठरवलंय, तिला थांबवू नका. तिच्या हातात तारीख आणि ठिकाण लिहिलेली चिठ्ठी द्या. तो अर्धा तास तेवढ्यासाठी पुरतो.

आडवाट

पिटाचंच कलम १०अ आहे की. कैदेऐवजी सुधारगृहात ठेवायचा आदेश. त्यात आरोग्य, मानसिक स्थिती, एवढंच काय, 'ट्रीटमेंट' हा शब्दही आहे. व्यसन असलेल्या बाईसाठी तोच मागितला तर?

विधीसखी

@आडवाट, कृपया नको. कलम १०अ ची मुदत कमीत कमी २ वर्षं आणि जास्तीत जास्त ५ वर्षं आहे. ज्या गुन्ह्याला पहिल्या वेळी फार तर ६ महिने, त्यासाठी उपचाराच्या नावाखाली दोन वर्षं कोंडणं हा भयंकर सौदा आहे. ६ महिन्यांनंतर राज्य सरकार सोडू शकतं, पण तो हक्क नाही, मर्जी आहे. आणि तिथला 'ट्रीटमेंट' म्हणजे शिकवण आणि शिस्त. डॉक्टर, औषध, सोडवणुकीचा वॉर्ड यातलं काहीही त्या कलमात नाही.

कोर्ट स्वतःहून १०अ कडे वळलं तर लक्षात ठेवा: तिचं म्हणणं ऐकणं, परिवीक्षा अधिकाऱ्यांचा अहवाल विचारात घेणं आणि या उपायाचा तिला फायदा होईल असं समाधान झाल्याचं नोंदवणं, या तिन्ही गोष्टी सक्तीच्या आहेत. 'बाई व्यसनी आहे' एवढ्यावर भागत नाही.

अजून एक गल्लत होते. छाप्यात सोडवलेली आणि कलम १७ खाली हजर केलेली बाई आरोपी नसते. तिच्यासाठी 'शिक्षेऐवजी उपचार' ही भाषाच चुकीची. सज्ञान असेल तर व्यसन आहे म्हणून तिला संरक्षणगृहात अडकवून ठेवता येत नाही. १९ मे २०२२ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने, मर्जीविरुद्ध गृहात ठेवलेल्या सज्ञान बायकांचा आढावा घेऊन त्यांना कालमर्यादेत सोडायला सांगितलं आहे. आणि वय १८ च्या खाली असल्याची शंका जरी आली, तरी ही सगळी चर्चा बाजूला ठेवून थेट बालकल्याण समिती.

परिवीक्षा_कक्ष

परिवीक्षा कायद्याच्या कलम ४ च्या वाटेवर सगळ्यात जास्त अडतं ते पत्त्यावर. कायदा म्हणतो, तिला किंवा तिच्या जामीनदाराला कायमचं राहण्याचं ठिकाण किंवा नियमित काम हवं. कुंटणखान्याचा पत्ता द्यायला ती घाबरते, गावचा पत्ता द्यायला त्याहून जास्त. 'किंवा जामीनदाराला' हे शब्द वकिलांच्या नजरेतून सुटतात. राहायची पक्की जागा असलेला जामीनदार पुढे आला तर अट पुरी होते. गावाकडे चौकशीचं पत्र पाठवण्याआधी तिला विचारा. त्या एका पत्राने घरच्यांना सगळं कळतं आणि तिची परतायची वाट बंद होते.

अहवालात काय लिहावं? परिवीक्षा कायद्याच्याच कलम ७ प्रमाणे तो गोपनीय असतो, पण त्यातला सार कोर्ट तिला सांगू शकतं आणि फाइल अनेक हातांतून जाते. म्हणून कुठली नशा, किती, कुणाकडून आणते, हे लिहू नका. त्यातून एनडीपीएसची नवी केस उभी राहू शकते. पुरेसं वाक्य असं: "आरोग्य तपासणी व उपचाराची गरज असून त्यासाठी त्या स्वतः तयार आहेत. अमुक तारखेची वेळ घेतली आहे." 'तयार आहेत' हे आधी तिला विचारूनच लिहायचं. एचआयव्हीचा तर उल्लेखही नको. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने तिच्या लेखी संमतीशिवाय तो उघड करता येत नाही.

बंधपत्राची मुदत ३ वर्षांपर्यंत असू शकते. देखरेखीचा आदेश घातला तर तो निदान १ वर्षाचा असतो.

सरळरेषा

कलम ४ मध्ये 'मादक पदार्थांपासून दूर राहणे' ही अट स्पष्ट लिहिलेली आहे. ती घालावी, महिन्याला लघवीची तपासणी ठेवावी. धाक नसेल तर कोण कशाला उपचार घेईल?

परिवीक्षा_कक्ष

अट घालता येते हे खरं. तरी घालू नये, आणि कारण अगदी व्यवहाराचं आहे. ती अट ज्या दिवशी सही होते त्याच रात्री मोडते. दारू किंवा गर्द अंगात मुरलेल्या माणसाला उपचाराआधी 'आजपासून बंद' हे जमतच नाही. अट मोडली की कलम ९: समन्स किंवा वॉरंट, मग मूळ गुन्ह्याची शिक्षा. पहिल्या चुकीला ५० रुपयांपर्यंत दंड करून बंधपत्र चालू ठेवायची सोय आहे, पण तिला हे कोण सांगतं? ती वॉरंटच्या भीतीने पत्ता बदलते आणि दवाखाना, परिवीक्षा, एआरटी (एचआयव्हीची औषधं) सगळं एकदम सुटतं.

अट अशी लिहून घ्या, जी पाळणं तिच्या हातात आहे: "परिवीक्षा अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली राहीन, दिनांक अमुक रोजी शासकीय रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात तपासणीसाठी हजर राहीन आणि तेथील डॉक्टरांशी ठरलेल्या भेटींना जाईन." हजर राहणं मोजता येतं. रुग्णालयाने 'आल्या होत्या' एवढा शिक्का दिला की पुरे. कडक अट आधीच घातली गेली असेल, तर परिवीक्षा कायद्याच्या कलम ८ खाली ती बदलून घेण्यासाठी परिवीक्षा अधिकारी अर्ज करू शकतात. फारच थोडे अर्ज येतात, यायला हवेत.

केसपेपर

@सरळरेषा, लघवीच्या तपासणीबद्दल डॉक्टरी बाजूने. ती उपचारात उपयोगी आहे, पण डोस ठरवायला. तिचा निकाल कोर्टात जाणार म्हटलं की रुग्ण खरं सांगणं थांबवते. मग रात्री अर्धी बाटली पिऊन आलेल्या बाईला सकाळी पूर्ण डोस दिला जातो. बुप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन या गर्दऐवजी दिल्या जाणाऱ्या औषधांबरोबर दारू आणि झोपेच्या गोळ्या एकत्र आल्या तर श्वास थांबू शकतो.

आता पहिल्या तीन दिवसांबद्दल, कारण माणूस दगावतो तो तिथे.

संध्याकाळी छापा, रात्रभर कोठडी, दुसऱ्या दिवशी दुपारी कोर्ट. म्हणजे शेवटच्या घोटाला साधारण १८ तास झालेले. रोज पिणाऱ्या बाईला हात थरथरणं, घाम, मळमळ ६ ते २४ तासांत सुरू होते. फिट यायची वेळ ६ ते ४८ तास. भ्रम, भास, ताप, जागा-वेळेचं भान सुटणं हे ४८ ते ९६ तासांत. कोठडी, कोर्ट, गृहातली पहिली रात्र, सगळं या पट्ट्यात येतं. कोर्टात थरथरणारी बाई घाबरली आहे असं समजून सोडून देऊ नका. शेवटचं कधी प्यायली, एवढं विचारा. आधी कधी दारू सुटताना फिट आली असेल तर ओपीडीची तारीख घेत बसू नका, त्याच दिवशी कॅज्युअल्टी.

कॅज्युअल्टीत बहुधा 'अशक्तपणा' म्हणून ग्लुकोजचं सलाईन लागतं. ग्लुकोजच्या आधी थायामिन (जीवनसत्त्व ब१) द्यायला आठवण करून द्या. रोज पिणाऱ्या, नीट न जेवणाऱ्या माणसात थायामिन आधीच संपत आलेलं असतं. नुसत्या ग्लुकोजने उरलंसुरलंही वापरलं जातं आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. हे संदर्भचिठ्ठीवर लिहिलं तर ड्यूटीवरचा डॉक्टर रागावत नाही.

गर्दचं वेगळं. शेवटच्या डोसनंतर ८ ते १२ तासांत नाक-डोळे वाहणं, जांभया, पोटात पिळवटणं, अंग मोडणं. दीड ते तीन दिवसांत कळस, आठ-दहा दिवसांत ओसरतं. एरवी धडधाकट माणसाच्या सहसा जिवावर बेतत नाही, पण सहन होत नाही म्हणून बाई पळते. उलट्या-जुलाब जास्त झाले तर पाणी कमी पडून धोका होतो, ओआरएस जवळ ठेवा.

झोपेच्या गोळ्या सगळ्यात फसव्या. अल्प्राझोलाम बंद झाल्यावर एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते, डायझेपामसारख्या लांब टिकणाऱ्या गोळीनंतर आठवडाही लागतो. तोवर सगळ्यांना वाटतं, सुटलं. या गोळ्या एकदम तोडायच्या नसतात, आठवड्या-आठवड्यांनी उतरवायच्या असतात.

दुसरी_पाळी

महिलागृहात रात्री डॉक्टर नसतो. अधीक्षिका किंवा काळजीवाहक बाईने काय पाहावं, ते साध्या शब्दांत लिहाल का?

केसपेपर

हात पुढे धरायला सांगा, बोटं किती थरथरतात पहा. नाव, जागा, आज कुठला वार हे विचारा. अंग गरम आहे का, छाती किती धडधडते ते पहा. दर दोन तासांनी, झोपलेली असली तरी. वार-जागा चुकायला लागली, नसलेलं दिसायला लागलं, ताप चढला किंवा फिट आली तर सकाळची वाट न पाहता १०८. फिट आली तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका. भ्रमातली बाई आरडाओरडा करते तेव्हा 'नाटक करते' म्हणून एकटीला कोंडणं ही सगळ्यात घातक चूक. उजेड ठेवा, जवळ माणूस ठेवा.

पहिल्याच दिवशी लघवीची गर्भचाचणी, तिला विचारून. गर्द घेणारी बाई गरोदर असेल तर एकदम तोडल्याने गर्भपात किंवा अपुऱ्या दिवसांची प्रसूती होऊ शकते. तिला बुप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोनवर स्थिर ठेवणं हाच मान्य उपचार आहे.

नोंदवही

केंद्राच्या बाजूने लिहिते. आधी फोन, मग बाई. अनेक व्यसनमुक्ती केंद्रं फक्त पुरुषांची असतात, आणि पाटीवर तसं लिहिलेलं नसतं. विचारायचे प्रश्न: बायकांसाठी वेगळ्या खाटा आहेत का, रात्री स्त्री कर्मचारी असते का, मानसिक आरोग्य कायद्याखाली नोंदणी आहे का, डॉक्टर रोज येतो का, मूल बरोबर चालेल का. शेवटच्या प्रश्नावर कायदाच सांगते: २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २१ प्रमाणे तीन वर्षांखालच्या मुलाला उपचार घेणाऱ्या आईपासून सहसा वेगळं करायचं नसतं. 'सोय नाही' हे उत्तर ऐकून गप्प बसू नका. जवळचं केंद्र शोधायला १४४४६, मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६.

भरती शक्यतो त्याच कायद्याच्या कलम ८६ खाली, तिच्या स्वतःच्या अर्जावर. म्हणजे ती स्वतः डिस्चार्ज मागू शकते. कलम ८९ ची आधाराने भरती फक्त तिच्या किंवा इतरांच्या जिवाला धोका असेल किंवा ती स्वतःला सांभाळू शकत नसेल तेव्हा, जास्तीत जास्त ३० दिवस, आणि बाईच्या बाबतीत ३ दिवसांत पुनर्विलोकन मंडळाला कळवावं लागतं. 'कोर्टाने पाठवलंय' हे ८९ चं कारण होत नाही. काही केंद्रं बंधपत्राची प्रत पाहून बाईचा फोन काढून घेतात आणि दार लावतात. ते बेकायदेशीर आहे.

प्रत्येकीला भरती लागतच नाही. महिनाभर खाटेवर म्हणजे महिनाभर कमाई बंद, खोलीचं भाडं आणि कर्जाचं व्याज चालू. म्हणून ती दहाव्या दिवशी उठून जाते आणि केसपेपरवर शेरा पडतो, 'सहकार्य नाही'. बाहेरून औषध देऊन चालत असेल तर ते आधी बघा, आणि भेट सकाळी अकराच्या पुढे ठेवा. रात्रभर जागलेल्या बाईला नऊची वेळ देणं म्हणजे न येण्याची सोय करणं.

सुई घेणारीला एड्स नियंत्रणाच्या ओएसटी (गर्दऐवजी औषध देणाऱ्या) केंद्रात बुप्रेनॉर्फिन मिळतं, जिभेखाली, नर्ससमोर. पहिल्या दिवशी येताना शेवटच्या डोसला १२ तास झालेले हवेत आणि त्रास सुरू झालेला हवा. घाईने गोळी दिली तर गर्दचा असर एकदम उतरून त्रास उसळतो आणि ती म्हणते, गोळीनेच आजारी पडले. मग ती परत येत नाही. हे तिला आदल्या दिवशी समजावून सांगावं. नुसतं धूर ओढणारीला त्या केंद्रात घेतीलच असं नाही, तिला शासकीय रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात पाठवा.

कोर्टपायरी

@नोंदवही, चिठ्ठीवर काय असावं?

नोंदवही

तिचं नाव, तारीख-वेळ, विभाग आणि खोली क्रमांक, तिथे भेटायच्या माणसाचं नाव. शेवटचं काय आणि कधी घेतलं. आधी फिट आली होती का, गरोदर आहे का. चालू औषधं. एवढंच. 'पिटा केस' किंवा 'आरोपी' हे शब्द कुठेही नकोत. खिडकीवरचा कारकून ते मोठ्याने वाचतो आणि बाई रांगेतून निघून जाते. चालू औषधांत एआरटीचा उल्लेख करायचा तर तिची लेखी संमती घ्या. ती नको म्हणाली तर एआरटीची पुस्तिका ती स्वतः डॉक्टरला दाखवेल. चिठ्ठीची एक प्रत तिच्याकडे, एक केंद्राकडे, कोर्टाच्या फाइलला नाही. पहिल्या भेटीला कुणीतरी बरोबर जा. वस्तीत काम करणारी पिअर ताई (त्याच वस्तीतली कार्यकर्ती) असेल तर उत्तम. तिला दवाखान्याचे जिने माहीत असतात.

केसपेपर

औषधांची गाठ कुठे पडते तेही लिहून ठेवतो. स्रावाच्या तक्रारीसाठी मिळणाऱ्या हिरव्या किटमध्ये सेक्निडाझोल असतं, ओटीपोटदुखीच्या पिवळ्या किटमध्ये मेट्रोनिडाझोल. दारू सोडवायला डायसल्फिराम चालू असेल तर मेट्रोनिडाझोलबरोबर भ्रम, वेडसरपणा येऊ शकतो. दोन्हींत दोन आठवड्यांचं अंतर हवं. सेक्निडाझोल त्याच गटातलं, तिथेही हीच खबरदारी. गुप्तरोगाची गोळी एका खिडकीवर आणि व्यसनाची दुसऱ्या, म्हणून हे कुणाच्या लक्षात येत नाही. डायसल्फिराम न सांगता जेवणात कालवणं तर गुन्ह्यासारखंच आहे. त्यावर दारू पडली तर रक्तदाब कोसळतो आणि असर शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत राहतो.

क्षयाची रिफाम्पिसिन सुरू झाली की मेथाडोनचं रक्तातलं प्रमाण घटतं, चालू डोस पुरत नाही. एआरटीतल्या इफाविरेन्झ, नेविरापिननेही तेच. बाई पुन्हा गर्दकडे वळली की 'इच्छाशक्ती नाही' म्हणण्याआधी तिच्या पिशवीतल्या सगळ्या गोळ्या टेबलावर काढून बघा.

विधीसखी

कैद किंवा गृहातून सुटतानाचं कुणीतरी लिहा.

केसपेपर

सुटकेनंतरचे पहिले दोन आठवडे अतिसेवनाने मृत्यूच्या दृष्टीने सगळ्यात धोक्याचे. आत असताना शरीराची सवय मोडलेली असते, बाहेर आल्यावर हात मात्र जुन्याच मापाने भरतो. ओएसटी चालू असेल तर आत असतानाही तोडू देऊ नका. सुटायच्या दिवशीचा डोस आणि दुसऱ्या दिवशीच्या केंद्राची वेळ, दोन्ही आधी पक्कं करा. सुटका शनिवारी संध्याकाळी होणार असेल तर सोमवारपर्यंतचं काय, हे आधीच विचारा.

तिला आणि तिच्या खोलीतल्या बायकांना सांगा: एकटीने घेऊ नका, नेहमीच्या मापाच्या फार थोडं घ्या, दारू-गोळ्या मिसळू नका. ओठ निळे, घोरल्यासारखा मंद श्वास, हाक मारून उठत नाही, अशी असेल तर १०८ आणि तोंडाने श्वास. नॅलोक्सोन (गर्दचा असर उतरवणारं इंजेक्शन) ०.४ मिग्रॅ स्नायूत, दोन-तीन मिनिटांत श्वास सुधारला नाही तर पुन्हा. त्याचा असर अर्ध्या ते दीड तासात उतरतो, म्हणून जागी झाली तरी रुग्णालयात न्यायचंच.

परिवीक्षा_कक्ष

शेवटची तांत्रिक बाब. पुढच्या तारखेला कोर्टाला द्यायचं पत्र रुग्णालयाकडून आधीच्या आठवड्यात मागून घ्या, कारण सहीसाठी चार दिवस जातात. मजकूर दोन ओळींचा: "श्रीमती अमुक या दिनांक अमुक, अमुक रोजी भेटीस हजर होत्या. उपचार चालू आहेत." निदान नको, औषधाचं नाव नको, तपासणीचा निकाल नको. मधल्या दोन भेटी चुकल्या असतील तर खोटं लिहू नका, पण त्यानंतर ती परत आली असेल तर ती परतीची तारीख ठळक लिहा.